कॉमन ॲप: मुलाचा भाग छान, कॉलेजचा भाग डोकेदुखी

अमेरिकेत पदवीला जायचं तर कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायचा ऑनलाइन फॉर्म, टाळता येत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड सगळी त्यावर अर्ज घेतात. एमआयटी आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया यांचे फॉर्म मात्र वेगळे. तेव्हा घ्यावं की न घ्यावं हा प्रश्नच नाही. मुंबईतल्या बारावीच्या मुलाचं गाडं यात कुठे अडतं, ते पाहणं जास्त उपयोगाचं.

खातं फुकट उघडतं, नव्या वर्षाचा फॉर्म 1 ऑगस्टला सुरू होतो आणि एका खात्यात 20 कॉलेजं बसतात. मुलाने भरायचा भाग खरोखर नीट बांधलेला आहे. एक मुख्य निबंध, 250 ते 650 शब्दांचा. पुरस्कारांना 5 जागा, उपक्रमांना 10. प्रत्येक उपक्रमाला हुद्द्यासाठी 50, संस्थेच्या नावासाठी 100 आणि वर्णनासाठी 150 अक्षरं, स्पेस धरून. ही कंजुशी आधी जाचते, पण तीच या फॉर्मची सगळ्यात चांगली गोष्ट आहे. ‘गणेशोत्सव मंडळात सक्रिय सहभाग, नेतृत्वगुण विकसित झाले’ या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘विसर्जनाला 40 स्वयंसेवकांच्या पाळ्या लावल्या; वर्गणीचा हिशेब वहीतून स्प्रेडशीटवर आणला’ असं लिहिलं की मुलगा डोळ्यांपुढे उभा राहतो. होमी भाभा बालवैज्ञानिक किंवा इंटरमिजिएट ड्रॉइंग म्हणजे काय, हे तिकडच्या माणसाला माहीत असेलच असं नाही. परीक्षेचं नाव कापा, ती कोण घेतं आणि किती टप्प्यांची असते ते ठेवा. घरी आजीचं दुखणंखुपणं पाहणं, ट्यूशन घेऊन फी भरणं यालाही याच यादीत जागा आहे. आपल्याकडची मुलं ते लिहायला लाजतात आणि तिथे नावापुरतं उघडलेलं एनजीओ दाखवतात.

आता डोकेदुखीकडे, म्हणजे ज्युनिअर कॉलेजने भरायच्या भागाकडे. अर्ज वाचणारा अधिकारी निबंधाआधी बहुतेक वेळा गुणपत्रक आणि स्कूल प्रोफाइल, म्हणजे शाळेची ओळख करून देणारं पत्रक, पाहतो. या शाळेत काय काय शिकायला मिळत होतं आणि त्यातलं अवघड मुलाने घेतलं का, हा त्याचा पहिला प्रश्न. हे गुपित वगैरे काही नाही. बहुतेक विद्यापीठं ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं पत्रक दरवर्षी वेबसाइटवर टाकतात. त्याच्या सी-7 तक्त्यात गुण, विषयांची काठिण्यपातळी, शिफारसपत्रं, निबंध यांतलं काय ‘अतिशय महत्त्वाचं’ आणि काय ‘विचारात घेत नाही’, ते खुणा करून दिलेलं असतं. कुठल्याही सल्लागाराला पैसे मोजण्याआधी तो तक्ता उघडा.

फॉर्म नववी ते बारावी एकाच शाळेत झाली असं गृहीत धरतो. एचएससीचा मुलगा दहावीनंतर ज्युनिअर कॉलेजात जातो, म्हणजे गुणपत्रकं दोन संस्थांची. त्यात अकरावी. इंटिग्रेटेड क्लासच्या नादात तिला कोणी विचारत नाही, कॉलेजही सढळ हाताने वर ढकलतं. पण नियमित फेरीचे निकाल मार्चअखेर लागतात आणि एचएससीचा निकाल मे महिन्यात. त्यामुळे अर्ज वाचला जातो तेव्हा हातात असलेले सगळ्यात ताजे वार्षिक गुण अकरावीचेच असतात. सोबत कॉलेजने दिलेला बारावीचा अंदाज आणि फार तर सहामाही. टक्क्यांना 25ने भागून जीपीए (4च्या पट्टीवरची अमेरिकी सरासरी) काढायचा उद्योग मात्र करू नका. गुण आहेत तसे, 100च्या पट्टीवर द्या.

मुलाची कागदपत्रं शाळेतर्फे पाठवणारा कौन्सिलर हे पद बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत नसतंच. मग उपप्राचार्यांना गाठा, शक्यतो कॉलेजच्या ईमेलवरून त्यांचं खातं उघडून द्या आणि दीड पानाचं स्कूल प्रोफाइल त्यांच्याकडून करून घ्या: बोर्ड कोणतं, शाखा कोणत्या, तुकडीत मुलं किती, मागच्या वर्षी 90 टक्क्यांच्या वर किती गेली. क्लासच्या सरांना कौन्सिलर करू नका. एकाच हातची तीन शिफारसपत्रंही नकोत, भाषेवरून लगेच कळतं.

शिक्षकांच्या फॉर्ममधला एक तक्ता सगळ्यात घात करतो. लेखन, वर्गातली चर्चा, चिकाटी अशा प्रत्येक गुणासमोर खूण करायची असते. आपल्या मॅडम प्रगतिपुस्तकात ‘व्हेरी गुड’ लिहितात तेव्हा ते मोठं कौतुक असतं. इथे ‘व्हेरी गुड’च्या वर आणखी तीन पायऱ्या आहेत: एक्सलंट म्हणजे वरच्या 10 टक्क्यांत, आउटस्टँडिंग म्हणजे वरच्या 5 टक्क्यांत, आणि सगळ्यात वर ‘माझ्या कारकिर्दीत पाहिलेल्या मोजक्यांपैकी एक’. मॅडमनी मनापासून केलेली खूण तिकडे ‘बरा आहे’ अशी वाचली जाऊ शकते. कुठे खूण करा हे सांगायचं नाही, पण पट्टीचा अर्थ आधी समजावून सांगण्यात काहीच गैर नाही. शिक्षकांना आमंत्रण पाठवण्याआधी फेर्पाची (शैक्षणिक नोंदींबाबतच्या अमेरिकी कायद्याची) संमती भरावी लागते आणि एकदा कोणाला आमंत्रण गेलं की ती बदलता येत नाही. पत्र पाहण्याचा हक्क सोडलेला बरा, नाहीतर पत्राचं वजन कमी होतं.

नावाचा घोळ आपला खास. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मुलाच्या नावाला चिकटलेलं, शिक्षकांच्या पत्रात घरचं हाक मारायचं नाव. फॉर्म, सॅट ही प्रवेश परीक्षा आणि शिफारसपत्र, तिन्हीकडे पासपोर्टचंच स्पेलिंग ठेवा. नाहीतर विद्यापीठाच्या पोर्टलवर ‘कागदपत्र आलं नाही’ दिसत राहतं. सॅटला बगल द्यायचे दिवसही सरत आले: एमआयटीने 2022मध्ये ती पुन्हा सक्तीची केली, डार्टमथ, हार्वर्ड आणि कॅलटेक यांनी 2024मध्ये.

आर्थिक मदतीच्या प्रश्नावर ‘हो’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी परदेशी मुलाची वाट अरुंद होते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन अशी मोजकी कॉलेजं निवड करताना ते पाहत नाहीत. पण मदत लागणार असेल तर खोटं ‘नाही’ लिहू नका. परदेशी मुलांना नंतर मदत मागायला अनेक कॉलेजं देतच नाहीत.

पैसे भरण्याचा टप्पा फसवा आहे. नामवंत ठिकाणी फी साधारण 75 ते 90 डॉलर, प्रत्येक कॉलेजची वेगळी. आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून आधी चालू करा. फी गेली म्हणजे अर्ज गेला असं नाही. परत येऊन सही करून सबमिट दाबावं लागतं. काही कॉलेजांचे पुरवणी निबंध वेगळे सबमिट होतात. रात्री 11:59 ही वेळ अर्जदाराच्या घड्याळाची, म्हणजे मुंबईची. अमेरिकेत अजून दिवस आहे म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.

प्रवेश मिळाल्यावरही ज्युनिअर कॉलेजचं काम उरतं. बारावीच्या निकालानंतर अंतिम गुणपत्रक आणि फायनल रिपोर्ट कौन्सिलरच्याच लॉगिनमधून जातो. उपप्राचार्य मे महिन्यात निवृत्त होणार असतील तर ते ऑगस्टमध्येच विचारून घ्या. जूनमध्ये अकरावीच्या प्रवेशांची गर्दी असताना नवा माणूस शोधून त्याचं खातं उघडून देणं फार जड जातं.