इसबगोलाची भुशी: स्टॅटिन न सोसलेल्या रुग्णाचा अनुभव

कोलेस्टेरॉल उतरवणारी ॲटोरव्हास्टॅटिन ही स्टॅटिन गटातली गोळी सुरू झाल्यावर माझ्या मांड्या आणि पोटऱ्या इतक्या भरून येऊ लागल्या की जिना चढताना कठड्याचा आधार घ्यावा लागे. डोस कमी करून आणि गोळी बदलूनही त्रास थांबला नाही. हृदयविकार किंवा मधुमेह नसल्यामुळे डॉक्टरांनी मला तीन महिने आहार आणि इसबगोल यांवर राहून पाहण्याची मुभा दिली.

मी घेतलेली भुशी गुजरातमधल्या सिद्धपूरची होती. पेल्यात टाकून ढवळली की मिनिटाभरात पाणी दाटते आणि थोडे थांबल्यास खळीसारखा लगदा होतो. हाच चिकटपणा आतड्यात पित्ताम्लांना (यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवते त्या पाचक आम्लांना) धरून शौचावाटे बाहेर नेतो, आणि नवी पित्ताम्ले बनवण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते. मात्र त्यासाठी रोज सुमारे १० ग्रॅम भुशी पोटात जायला हवी. पाकिटावर 'एक ते दोन चमचे' एवढेच छापले होते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले तेव्हा पोह्याच्या सपाट चमच्यात जेमतेम २ ग्रॅम भरली. म्हणजे सूचनेप्रमाणे घेणाऱ्याला बद्धकोष्ठावर उतार पडेल, कोलेस्टेरॉलवर फारसा नाही.

पहिला आठवडा पोट फुगले, नंतर सवय झाली. तीन महिन्यांनी एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, १६२ वरून १४९ वर आले. ही घट खरी आहे आणि मला तिचे मोल वाटते, पण स्टॅटिनच्या मध्यम डोसने एलडीएल साधारण ३० ते ५० टक्के उतरते, हेही तितकेच खरे. म्हणून डॉक्टरांनी इझेटिमाइब १० मिलिग्रॅम जोडली. आतड्यातून कोलेस्टेरॉलचे शोषण रोखणाऱ्या या गोळीनंतर आकडा १२१ झाला आणि पाय दुखले नाहीत. याने भागले नाही, तर बेम्पेडोइक ॲसिड या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या दुसऱ्या औषधाचा विचार करायचा आहे. ते स्नायूंमध्ये सक्रिय होत नाही, पण युरिक ॲसिड वाढवू शकते.

'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल यीस्ट तांदळाच्या कॅप्सूल मात्र मी नाकारल्या. त्यांतले मोनाकोलिन के हे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिन, म्हणजे एक स्टॅटिनच आहे, आणि कॅप्सूलमध्ये ते किती आहे याचा भरवसा नसतो.

भुशी कोरडी कधीही गिळू नये, घशात अडकते. भरपूर पाण्यासोबत आणि इतर औषधांपासून दोन तासांच्या अंतराने घ्यावी. मी हे पाकीट पुन्हा घेतले आहे. उत्पादकांनी त्यावर चमच्यांऐवजी ग्रॅम छापावेत, एवढीच माझी मागणी आहे.