मोटरहोमचा थर्मोस्टॅट बिघडलाय: काढून टाकायचा, लोकल बसवायचा की कंपनीचा?

पुण्यातून मोटरहोम बाहेर काढली की घाट चुकत नाही. साताऱ्याकडे कात्रज आणि पुढे खंबाटकी, मुंबईकडे बोरघाट, कोकणात उतरायचं तर ताम्हिणी किंवा वरंधा. जाताना उतार मिळाला तरी येताना चढ आहेच. त्यात आपल्या गाडीवर भरलेली पाण्याची टाकी, बॅटऱ्या, कपाटं आणि घरातली सगळी माणसं. अशा वेळी टेम्परेचरचा काटा लाल पट्टीकडे सरकला आणि गॅरेजवाल्याने 'थर्मोस्टॅट गेलाय' असं सांगितलं, की तीन पर्याय समोर येतात. पहिला तोच सुचवतो: "साहेब, काढूनच टाकू, गाडी थंड राहील."

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला) रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. निर्णय घेण्याआधी दोष खरंच तिचाच आहे का, ते बघा. कूलंट कमी असणं, पट्टा सैल होणं, रेडिएटर चोक होणं, फॅन नीट न फिरणं, या सगळ्यांनी गाडी गरम होते. बहुतेक इंजिनांत थर्मोस्टॅट रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होजच्या (रबरी नळीच्या) तोंडाशी असतो. सकाळी थंड गाडी चालू करा आणि पट्टा-फॅनपासून हात लांब ठेवून या होजला हात लावा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर होज बराच वेळ थंड राहते आणि मग एकदम तापते. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेली, तर तो उघडाच अडकलाय. काटा वर चढला तरी होज थंडच असेल, तर तो बंद अडकल्याचा दाट संशय घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. तसंच रेटलं तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं सील) जातं, हेड वाकतं, आणि त्या कामापुढे थर्मोस्टॅटची किंमत काहीच नाही.

काढून टाकणं

पैसे लागत नाहीत, काम लगेच होतं आणि पुण्यात हा सल्ला सर्रास मिळतो. तरीही हा मला तिन्हींतला सगळ्यात वाईट पर्याय वाटतो.

थर्मोस्टॅटच्या आत मेण असतं. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान, त्यावर कोरलेल्या आकड्याला ते वितळून फुगतं आणि झडप उघडते. तोवर कूलंट बायपासमधून, म्हणजे रेडिएटर टाळणाऱ्या आडवाटेने, इंजिनातच फिरतं. अनेक इंजिनांत झडपेच्या खाली दुसरी चकती असते. वरची झडप उघडते तशी ही चकती बायपासचं तोंड झाकते आणि सगळं कूलंट रेडिएटरकडे जातं. थर्मोस्टॅट काढला की चकतीही गेली आणि बायपास कायमचा उघडा राहिला. कूलंटचा मोठा भाग रेडिएटरला न शिवता परत इंजिनात येतो. म्हणजे ज्या भीतीने तो काढला, तेच उन्हाळ्यात भरल्या गाडीने घाट चढताना होतं: गाडी तापते.

सपाट रस्त्यावर आणि थंडीत उलटा त्रास. डिझेल इंजिन थंड चाललं की इंधन पूर्ण जळत नाही, ऑइलमध्ये उतरतं, मायलेज घसरतं, झीज वाढते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत तर हा पर्याय धरूच नका. इंजिन पुरेसं तापलं नाही तर डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जळत नाही आणि पी०१२८ हा 'इंजिन पुरेसं तापत नाही' सांगणारा कोड देऊन चेक लाइट लागते. स्पितीला जायचं असेल तर केबिनचा हीटरही नावापुरताच चालेल.

लोकल

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत जुना पार्ट दाखवला की जोडीचा मिळून जातो, कंपनीपेक्षा स्वस्त. नावाजलेल्या मेकचा, सीलबंद खोक्यातला असेल तर मी त्याला नाही म्हणणार नाही. नाव नसलेला मात्र बसवण्याआधी घरी तपासा. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने असा लटकवा की तळाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर सोडा आणि गॅस लावा. ८२ कोरलेलं असेल तर त्याच्या दोन-तीन अंश आसपास फट दिसायला लागली पाहिजे, पाणी उकळेपर्यंत झडप स्पष्ट उघडी दिसली पाहिजे आणि गार झाल्यावर पूर्ण मिटली पाहिजे. मिटताना फट राहिली तर परत करा. व्यास, उंची आणि खालची चकती जुन्याशी ताडून बघा. चकती आखूड असेल तर बायपास नीट झाकला जात नाही. 'घाटात गरम होते ना, मग कमी अंशाचा घ्या' हे ऐकू नका. कंपनीने दिलेला आकडाच ठेवा.

कंपनीचा

चॅसिस नंबर सांगून घ्या, कारण एकाच मॉडेलमध्ये इंजिनं बदललेली असतात. मोटरहोमच्या कागदांवर रूपांतर करणाऱ्याचं नाव असलं तरी पार्ट मूळ गाडीचाच लागतो. आपल्याकडच्या कित्येक मोटरहोम फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेल्या आहेत आणि फोर्सचं घर आकुर्डीतच असल्यामुळे पुणेकरांना पार्ट मिळवणं तुलनेने सोपं आहे. पैसे जास्त जातात, पण लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने हाच घ्यावा. गाडी बंद पडली तर आपलं घरही रस्त्याच्या कडेला अडकतं, आणि एवढं वजन ओढून न्यायला साधी टोइंग व्हॅन पुरत नाही. शहराजवळच वीकेंडला फिरणाऱ्याला तपासलेला, चांगल्या मेकचा लोकल पुरेसा आहे.

बसवायचं कोणी?

थर्मोस्टॅटचं हाउसिंग (तो बसतो ते कवच) वरून दिसत असेल तर बोल्ट खोलणं अवघड नाही. खरं काम नंतरचं, एअर म्हणजे कूलंटच्या पाइपांत अडकलेली हवा काढण्याचं. मागच्या केबिनला हीटरची लाइन नेलेली असेल तर पाइप लांब असतात आणि हवा हमखास अडकते. त्यामुळे अशा गाडीला मोटरहोमची सवय असलेलं गॅरेज बरं. काम चालू असताना समोर उभे राहा आणि एवढं बघा: जुनं पॅकिंग खरवडून नवीन टाकलंय का, थर्मोस्टॅटवरची छोटी हलती पिन वरच्या बाजूला आहे का, आणि कूलंटमध्ये बोअरचं पाणी तर ओतलं जात नाहीये ना. त्यातल्या क्षारांनी रेडिएटर चोक होतो, डिस्टिल्ड पाणीच हवं. झाकण थंड गाडीचंच उघडायचं. हीटर पूर्ण चालू ठेवून, गाडीचं तोंड चढाकडे करून बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवायला सांगा. मग दिवे घाटासारखा छोटा चढ चढून या आणि गाडी पूर्ण गार झाल्यावर कूलंटची पातळी परत बघा. ती उतरलेली असतेच, तेवढी भरून घ्या.