दोन रात्रींच्या गोल्फ सहलीसाठी सॉफ्ट ट्रॅव्हल कव्हर घ्यावं का?

शुक्रवारी निघायचं, मित्रांबरोबर निवांत दोन राउंड खेळायचे आणि रविवारी परतायचं, एवढ्यासाठी हार्ड केस, म्हणजे गोल्फ बॅग ठेवायची कडक पेटी, फार अवजड होते. क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्या, ती उत्तम सांभाळते, यात वाद नाही. पण रिकामी केली तरी तिची घडी होत नाही आणि दोघांच्या खोलीत दोन केस ठेवल्या की चालायला जागा उरत नाही. सॉफ्ट कव्हर, म्हणजे गोल्फ बॅगेवर चढवायचं जाड कापडी कव्हर, गुंडाळून पलंगाखाली सरकवता येतं. विमानाने जाणार असाल तर तेच घ्या, पण सपोर्ट रॉडसकट, म्हणजे बॅगेत क्लबांसोबत उभ्या ठेवायच्या आधाराच्या दांड्यासकट. रॉड नसेल तर घेऊ नका.

स्टँड बॅगेतून, म्हणजे पायांवर उभ्या राहणाऱ्या गोल्फ बॅगेतून, सगळ्यात वर येतो तो ड्रायव्हर, सर्वांत लांब क्लब, साधारण 45 इंचांचा. बॅग वरच्या टोकावर आपटली की सगळा भार त्याच्या हेडवर, म्हणजे बॉल मारायच्या टोकावर येतो आणि शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, हेडच्या लगेच वर, मानेपाशी तुटतो. रॉड ड्रायव्हरपेक्षा एक-दोन इंच उंच लावला की तो मार रॉड खातो. मात्र रॉडचं बूड बॅगेच्या तळाला टेकलेलं हवं. तळाशी क्लबांच्या मुठींच्या गर्दीत तो अर्ध्यावरच अडकतो, आदळला की खाली सरकतो आणि मग असून नसल्यासारखाच. ड्रायव्हरचं हेड निघत असेल तर काढून कपड्यांत गुंडाळा. परत बसवताना टॉर्क रेंच, म्हणजे हेडचा स्क्रू आवळायचा पाना, टक्‌ वाजेपर्यंत पिळा. स्टँडचे पाय पट्ट्याने बांधून टाका, कव्हराचे आतले पट्टेही घट्ट ओढा. बॅग आत हलत राहिली तर वरचं जाड अस्तर काही कामाचं नाही.

या कव्हराची खरी मजा वजनात आहे. 14 क्लब 5 ते 6 किलो, स्टँड बॅग 2 ते 2.5, कव्हर 3 ते 4, बूट 1 आणि 2 डझन बॉल 1 किलोच्या थोडं वर. सगळं मिळून फार तर 15 किलो. बऱ्याच विमान कंपन्यांची मर्यादा 23 किलोची असते, त्यामुळे दोन दिवसांचे कपडे यातच बसतात, वेगळी सूटकेस लागत नाही. स्वेटर आणि रेनजॅकेट क्लबांच्या हेडभोवती गुंडाळा, टॉवेल आयर्न क्लबांच्या मधे कोंबा. गादी आपोआप तयार होते. क्रीडासामानाचे नियम मात्र तिकीट काढतानाच बघा, आणि रेंजफाइंडरच्या (अंतर मोजायच्या यंत्राच्या) सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवा.

विकत घेताना चाकं आधी उलटी करून बघा. कडक तळाला स्क्रूने बसवलेली हवीत. नुसत्या कापडात रिव्हेट मारलेली असतील तर तिथूनच फाटतं. मधोमध उचलायला मूठ हवी, कारण भरलेलं कव्हर दोघांनी धरूनच डिकीत नीट जातं. बाहेरचे खिसे किती आहेत, ते बघायची गरज नाही.

चौघं एकाच गाडीने जाणार असाल तर कव्हर घरीच राहू द्या. तिथे क्लबांच्या हेडवर घालायची हेडकव्हर पुरतात, आणि चार भरलेली कव्हरं मागची सीट पाडल्याशिवाय बसतच नाहीत.

रविवारी परतताना ओले बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून भरा आणि घरी पोहोचल्यावर त्याच रात्री कव्हर उघडा. ओलं गवत आत कोंडलं की वेज क्लबला गंज धरतो आणि अस्तराला वास लागतो. तो वास पुढच्या सहलीपर्यंत जात नाही.