लायनर-लिब: कंटेनर जहाजांच्या मार्गजाळ्यासाठी सामायिक कसोटी

कंटेनर जहाजांचे मार्गजाळे कसे आखावे यावर पुष्कळ संशोधन झाले आहे. मात्र बराच काळ प्रत्येक संशोधकगट आपापल्या आकडेवारीवरच आपली पद्धत तपासत असे, आणि त्यामुळे दोन पद्धतींपैकी सरस कोणती, हे ठरवण्याचा विश्वासार्ह मार्ग नव्हता. लायनर-लिब हा खुला विदासंच, म्हणजे सर्वांना वापरता येणारा माहितीचा संच, याच अडचणीवरचा उपाय आहे. बेरिट ब्राउअर, डेव्हिड पिसिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. त्याची मांडणी करणारा लेख २०१४ साली ‘ट्रान्सपोर्टेशन सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

संचात लहान-मोठी सात उदाहरणे, म्हणजे मार्गजाळे आखून पाहण्यासाठी दिलेले तयार प्रश्न, आहेत. बाल्टिक समुद्राच्या उदाहरणात केवळ १२ बंदरे असून जर्मनीतील ब्रेमरहाफेन हे त्याचे केंद्र, म्हणजे माल एका जहाजावरून दुसऱ्यावर चढवण्याचे मुख्य बंदर, आहे. पश्चिम आफ्रिकेच्या उदाहरणात ते स्थान स्पेनमधील अल्जेसिरासला आहे. आणि जगभराच्या सर्वांत मोठ्या उदाहरणात १९७ बंदरे येतात. बंदराची खोली, कंटेनर चढवण्या-उतरवण्याचा खर्च, बंदरांमधील अंतरे, सुएझ व पनामा कालव्यांचे शुल्क, प्रत्येक वर्गाच्या जहाजाची क्षमता, भाडे आणि इंधनवापर ही सारी माहिती साध्या मजकूर-फाइलींत मिळते, त्यामुळे ती वाचून घेण्यास वेगळ्या साधनाची गरज लागत नाही.

माझ्या मते या संचाचे खरे मोल वेग आणि जहाजसंख्या यांची सांगड त्याने ज्या प्रकारे घातली आहे त्यात आहे. प्रत्येक बंदरावर आठवड्यातून एकदा जहाज यायला हवे असेल, तर आठ आठवड्यांच्या फेरीसाठी आठ जहाजे लागतात. येथे दररोजचा इंधनवापर वेगाच्या घनाच्या प्रमाणात धरला आहे. म्हणजे वेग एक पंचमांशाने कमी केला की दिवसाचे इंधन जवळजवळ निम्म्यावर येते. परंतु फेरी लांबून नववा आठवडा लागला, तर नववे जहाज भाड्याने घ्यावे लागते, आणि वाचलेले इंधन त्या भाड्याला पुरे पडेल की नाही हे इंधनाच्या दरावर आणि जहाजाच्या वर्गावर अवलंबून असते. हा हिशेब टाळणारी कोणतीही पद्धत व्यवहारात कुचकामी ठरते, आणि लायनर-लिब तो टाळू देत नाही.

दुसरी कसोटी मालाच्या वाटेची आहे. कंटेनर एका सेवेवरून, म्हणजे ठरावीक बंदरांच्या नियमित फेरीवरून, उतरून दुसऱ्या सेवेवर चढू शकतो, म्हणून एका मार्गातले एखादे बंदर वगळले तरी दूरच्या सेवांवरील माल दुसरीकडे वळू शकतो. मार्ग ठरलेले असतील तर मालाचे वाटप रेखीय प्रोग्रॅमिंगने (रेखीय समीकरणे व बंधने पाळून सर्वोत्तम उत्तर काढण्याच्या गणिती पद्धतीने) सोडवता येते, पण प्रत्येक बदलानंतर ते पुन्हा सोडवावे लागते, आणि मोठ्या उदाहरणांत बराचसा संगणकीय वेळ त्यातच जातो. म्हणूनच तेथे कॉलम जनरेशन (सर्व पर्याय एकदम न मांडता उपयोगी पर्याय गरजेनुसार जोडत जाणे) आणि ह्युरिस्टिक शोध (सिद्धतेविना चांगले उत्तर लवकर शोधणे) यांचा मेळ घालणाऱ्या पद्धती पुढे आल्या. इष्टतमतेची, म्हणजे मिळालेले उत्तरच सर्वोत्तम असल्याची, सिद्धता मात्र १९७ बंदरांच्या उदाहरणासाठी आवाक्याबाहेरच राहिली आहे.

उणिवाही आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. मागणी निश्चित आणि स्थिर धरली आहे. हंगामी चढउतार, वादळाने झालेला उशीर किंवा बंदरातील गर्दी यांना जागा नाही. माल पोहोचण्याची कमाल मुदत विदेत दिली असली तरी संचासोबतच्या लेखातील मूळ गणिती मॉडेल तिचे बंधन लादत नाही, त्यामुळे स्वस्त दिसणारे जाळे नाशवंत मालाच्या व्यापाऱ्याला निरुपयोगी ठरू शकते. ही मुदत विचारात घेणाऱ्या नंतरच्या पद्धतींशी तुलना करताना हा फरक स्पष्ट नोंदवला नाही, तर नफ्याच्या आकड्यांची तुलना निरर्थक होते.

नवी पद्धत बांधणाऱ्याने सुरुवात बाल्टिकपासून करावी, कारण तेथील जाळे कागदावर काढून हाताने पडताळता येते. त्यानंतर ३९ बंदरांचे भूमध्य समुद्राचे उदाहरण घ्यावे, कारण बाल्टिकवर लपून राहिलेला पद्धतीचा संथपणा तेथे उघड होतो.