सेकंड हँड बोट इंजिन तापत असेल तर सोलापुरातलं हे गॅरेज बघाच

उजनीच्या बॅकवॉटरला, आमच्या करमाळा साईडला बोट चालवणाऱ्यांसाठी लिहितोय. आमचं १५ एचपीचं टू स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं लावायचं इंजिन, कोकणातून सेकंड हँड घेतलेलं, म्हणजे खाऱ्या पाण्यात चाललेलं. स्लोमध्ये बरं चालायचं पण जरा रेस दिली की हेड तापायचं. ज्याला विचारावं तो बघायच्या आधीच म्हणायचा इंपेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) बदला.

शेवटी अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला जनरेटर दुरुस्तीचं छोटं गॅरेज आहे तिथं नेलं. मिस्त्रींनी पाना हातात घ्यायच्या आधी इंजिन पिंपात लावून चालू केलं, प्रॉपेलरच्या वरची आडवी प्लेट बुडेल एवढं पाणी भरून, आणि इंजिन थंड करायच्या पाण्याची मागच्या भोकातून पडणारी धार बघत उभे राहिले. धार बारीक. भोकात तार घातली तर कुंभारीण माशीची माती निघाली आणि धार एकदम सुधारली! दुसरा कुणी असता तर इथंच पैसे घेऊन मोकळा झाला असता. हे म्हणाले, "धार पडतीय म्हणजे पंप पाणी वर ढकलतोय एवढंच कळतंय, हेडमधून नीट फिरतंय का ते वेगळं बघायला लागतंय."

मग थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडून पाण्याला वाट देणारी झडप, काढला, दोऱ्याला बांधून पातेल्यात पाण्यात सोडला, खाली गॅस, शेजारी थर्मामीटर. त्याच्यावर छापलेला उघडायच्या तापमानाचा आकडा मागं पडला, पाणी उकळायला लागलं तरी झडप अर्धीच उघडली, कडेनं मिठाचा पांढरा थर धरलेला. त्यानंतर खालचा गिअरचा भाग उतरवला तर इंपेलरच्या एका पात्याचं टोक तुटलेलं. मला सगळ्यात आवडलं ते हे, की नवीन इंपेलर बसवायच्या आधी त्यांनी तो तुटलेला रबराचा तुकडा शोधला, वर जाणाऱ्या पाण्याच्या नळीत अडकलेला होता. तो तसाच राहिला असता तर नवा इंपेलर घालून काय उपयोग होता सांगा.

पार्ट पुण्याहून मागवायला लागतात त्यामुळं थांबावं लागतं, आणि फोन उचलायचा भरवसा नाही, सरळ जाऊन भेटा. मजुरी आधीच सांगतात, जुने पार्ट हातात देतात. आता फुल रेसला पण हेड तापत नाही. फक्त जलपर्णीतून बोट काढली की खालची पाणी ओढायची जाळी साफ करा असं त्यांनी बजावलंय, ते करतोच.