घर बदलण्याआधी दारावरचा रद्दी-भंगारवाला : सेवा चांगली, काट्यावर मात्र लक्ष हवं

कोल्हापुरात राजारामपुरीतून आर. के. नगरला जायचं असो, की शिवाजी पेठेतल्या जुन्या घरातून कसबा बावड्यातल्या फ्लॅटमध्ये, टेम्पो सांगण्याआधी माळा रिकामा करावाच लागतो. त्या कामाला दारावर येणाऱ्या रद्दी-भंगारवाल्यासारखी सोय दुसरी नाही. निरोप दिला की माणूस येतो, तिसऱ्या मजल्यावरून सामान स्वतः उतरवतो आणि वर पैसे देतो. पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो काट्यासाठी आणि "सगळं मिळून किती द्यायचे बोला" या पद्धतीसाठी.

नुकसान होतं ते या ठोक भावातच. तांबं, पितळ, कासं, जर्मल (ॲल्युमिनियम), स्टील, लोखंड, बीड (ओतीव लोखंड) या प्रत्येकाचा दर वेगळा. तांब्याचा दर लोखंडाच्या कितीतरी पट असतो, आणि सगळं एका पोत्यात गेलं की पोत्याला भाव मिळतो तो लोखंडाच्या आसपासचा. म्हणून माणूस बोलावण्याच्या आदल्या दिवशी धातूंचे ढीग वेगळे करून ठेवा. हाताशी एक लोहचुंबक असू द्या. पितळी मुलामा दिलेल्या लोखंडी समया, फुलदाण्या लगेच चिकटतात. तांबं, पितळ, कासं, जर्मल चिकटत नाही. कासं आणि पितळ वेगळं ओळखायचं तर वाटी बोटांवर धरून टिचकी मारा. काश्याचा नाद बराच वेळ घुमतो, पितळेचा लवकर विरतो. हा भेद महत्त्वाचा, कारण काश्यात तांब्याबरोबर कथील असतं आणि कथील तांब्याहूनही महाग. पितळेतलं जस्त त्यामानाने स्वस्त. काश्याची ताटं पितळेच्या भावात देऊ नका.

जुन्या घरांत हमखास निघतो तो पाणी तापवायचा तांब्याचा बंब. याच्यावर वाद ठरलेला. बाहेरचं अंग तांब्याचं, तोटी बहुधा पितळेची, खालची जाळी आणि पाय लोखंडी, सांध्यांना डाग (धातूची झाळ) दिलेला, आणि आत वर्षानुवर्षांच्या पाण्याचा पांढरा क्षार. अख्खा बंब काट्याला लावला की घेणारा म्हणतो, "क्षाराचे, डागाचे, लोखंडाचे मिळून दोन किलो वजा." हे दोन किलो अंदाजाचे असतात आणि अंदाज कधीच आपल्या बाजूने नसतो. जाळी आणि पाय आधीच सोडवा, तोटी पान्याने काढून पितळेच्या ढिगात टाका, बंब उपडा करून बाहेरून लाकडी मोगरीने ठोका. क्षाराचे पापुद्रे आपोआप गळतात. मग वजावट फक्त डागाची उरते आणि त्यावर बोलता येतं. घासून चकचकीत करण्यात मात्र वेळ घालवू नका, मोडीला, म्हणजे भंगारात निघालेल्या भांड्यांना, चकाकीचा भाव नाही.

नव्या घरासाठी भांडी घ्यायचीच असतील, तर तांब्या-पितळेची मोड भंगारवाल्याऐवजी भांड्यांच्या दुकानात विचारा. तिथे दोन दर असतात, रोखीचा एक आणि बदलीचा एक. बदलीचा दर ऐकायला चांगला वाटतो, पण नव्या भांड्याच्या किलोच्या दरात घडणावळ धरलेली असते. दोन्ही दर लिहून घ्या आणि मगच ठरवा.

आता काटा. हल्ली बहुतेकांकडे हुकाचा इलेक्ट्रॉनिक काटा असतो. त्यावर वैधमापन विभागाची पडताळणी दरवर्षी व्हावी लागते, तेव्हा शिक्का बघायला संकोच नको. तपासायची सोपी रीत म्हणजे घरातली न फोडलेली 5 किलो आट्याची पिशवी आधी लावून बघणे. पाच किलोच्या किंचित वर आकडा यायला हवा. वजन करताना गठ्ठा जमिनीला किंवा माणसाच्या गुडघ्याला टेकलेला नसावा, टेकला की आकडा घसरतो. वर्तमानपत्रांसाठी आणखी एक ठोकताळा आहे : घडी घातलेल्या अंकांचा एक फूट उंच गठ्ठा साधारण 15-16 किलो भरतो. अकरा-बारा सांगितले तर पुन्हा वजन करायला लावा. गुळगुळीत कागदाची मासिकं, वह्या-पुस्तकं आणि पुठ्ठा यांचे दर वर्तमानपत्रापेक्षा निराळे, म्हणून तेही वेगळे बांधा. ओल लागलेली रद्दी घेणारा दर पाडूनच मागतो. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागात 2019 आणि 2021 च्या पुरात भिजून वाळलेले गठ्ठे अजून कुठे माळ्यावर असतील, तर ते चिकटून फळीसारखे झालेले असतात. त्यांची रद्दीच्या दराची आशा सोडा.

जुना पंखा, मिक्सर, पाण्याची मोटार लोखंडाच्या वजनात देऊ नका, आत तांब्याची वाइंडिंग असू शकते. "मोटारीचा दर काय?" असं वेगळं विचारा. वायरी जाळून तांबं काढण्याच्या भानगडीत पडू नका, तो धूर विषारी असतो.

इन्व्हर्टरची बॅटरी भंगारवाल्याला द्यायची नाही. आत शिसं आणि ॲसिड असतं, आणि बरेच जण वजन कमी करायला ॲसिड गटारात ओततात. नवी बॅटरी घेताना दुकानदार जुनी परत घेऊन किंमत वजा करतो, तोच मार्ग बरा. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, त्या न फोडता वेगळ्या ठेवा. गॅसचा सिलिंडर, रेग्युलेटर तर एजन्सीकडेच.

बोहारणीला साड्या देण्याआधी काठ तपासा. जरीची एक तार नखाने उसवून बघा. आत रेशमाचा लाल धागा आणि त्यावर चांदीची बारीक तार गुंडाळलेली दिसली, तर ती साडी स्टीलच्या डब्यावर द्यायची नाही. आधी गुजरीत, सराफांकडे दाखवा. तार प्लॅस्टिकची निघाली तर खुशाल द्या.

दिवस निवडताना सामान हलवायच्या निदान दहा दिवस आधीचा निवडा. घाईत भाव जातो, हे समोरच्यालाही माहीत असतं. शक्यतो मेअखेर उरकून घ्या, पावसात रद्दीचा दर पडतो. रद्दीचे गठ्ठे खाली जाण्याआधी प्रत्येक वही झटका. घरफाळ्याच्या पावत्या, पाणीपट्टीची बिलं, खरेदीखताच्या नकला जुन्या डायऱ्यांतच सापडतात. आधारच्या झेरॉक्स आणि न वापरलेले चेक फाडून वेगळ्या पिशवीत टाका, आणि ती पिशवी रद्दीत नको, सुक्या कचऱ्याबरोबर घंटागाडीत द्या.