पिंग सांगतो सगळं ठीक, 'आयडब्ल्यू' सांगतं खरं काय ते

लिनक्समध्ये वायफाय कार्डाची आणि त्याच्या जोडणीची स्थिती दाखवणारी 'आयडब्ल्यू' नावाची एक कमांड आहे. ना खिडकी, ना आलेख, काळ्या पडद्यावर नुसत्या आकड्यांच्या ओळी. पण रेडिओ लिंक सांभाळणं हेच माझं रोजचं काम, आणि त्या कामात देखण्या डॅशबोर्डपेक्षा माझा भरवसा या कमांडवर जास्त आहे.

हिचा जीव आहे 'स्टेशन डम्प' या तिच्या उपकमांडमध्ये. जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची सिग्नल पातळी, दोन्ही दिशांचा बिटरेट (डेटा जाण्याचा वेग), किती पॅकेट (डेटाचे तुकडे) पाठवली हे तर त्यात असतंच. मी मात्र आधी दोनच ओळी बघते: 'टीएक्स रिट्राइज' आणि 'टीएक्स फेल्ड' (टीएक्स म्हणजे पाठवणं). वायफायमध्ये पॅकेट हवेतून ज्या रूपात जातं ती फ्रेम; एका उपकरणासाठी पाठवलेल्या फ्रेमची पोच लगेच यावी लागते. पोच आली नाही की कार्ड तीच फ्रेम पुन्हा पाठवतं, ती रिट्राय. सगळे प्रयत्न संपले आणि नाद सोडला, की ते फेल्ड.

पिंग, म्हणजे समोरच्याला छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते बघणारी कमांड, आपल्याला गाफील ठेवतो तो इथेच. हवेत दर शंभरातल्या तीस फ्रेम वाया जातायत आणि कार्ड प्रत्येक फ्रेमसाठी सात वेळा प्रयत्न करतंय असं धरा. सातही वेळा अपयश येण्याची शक्यता दहा हजारांत जेमतेम दोन. म्हणजे पिंग 'शून्य टक्के लॉस' म्हणणार आणि आपण निर्धास्त. प्रत्यक्षात तेवढ्याच कामासाठी निदान ४३ टक्के जास्त फ्रेम हवेत सोडाव्या लागतायत, प्रत्येक अपयशानंतर थांबायचा काळ वाढतोय, बिटरेट खाली येतोय. फाइल उतरवणाऱ्याला हे कळत नाही. फोनवर बोलणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळतं.

अशीच एक तक्रार आली होती: बोलताना आवाज तुटतो. सिग्नल उणे ५१ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं एकक), म्हणजे उत्तम. पिंगमध्ये एकही पॅकेट गळालेलं नाही. मी 'वॉच' कमांड लावून स्टेशन डम्प दर सेकंदाला चालू ठेवला, बदललेले अंक ठळक दिसतील असा. पाठवलेल्या पॅकेटांचा आकडा पुढे सरकत होता आणि रिट्राइजचा आकडा जवळजवळ त्याच वेगानं त्याच्या मागे धावत होता. फेल्ड मात्र जागचा हलत नव्हता. मग 'आयडब्ल्यू'चाच 'सर्व्हे डम्प' पाहिला. चॅनल, म्हणजे आपली वायफाय वापरते ती लहरपट्टी, किती वेळ ऐकला आणि त्यातला किती वेळ तो व्यस्त होता हे तिथे मिलिसेकंदांत मिळतं. आमची स्वतःची वाहतूक नगण्य असतानाही चॅनल अर्ध्याहून जास्त वेळ भरलेला. दुखणं अँटेनाचं नव्हतंच, गर्दीचं होतं. चॅनल बदलला, रिट्राइज मंदावले, आवाज सरळ झाला. सिग्नल होता तिथेच राहिला, उणे ५१.

'आयडब्ल्यूकॉन्फिग' या वायफायच्या जुन्या कमांडवर अजून विसंबणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते. त्यात 'लिंक क्वालिटी ५९/७०' असं भारदस्त काहीतरी दिसतं. आजच्या बहुतेक ड्रायव्हरांत (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तो आकडा म्हणजे सिग्नलच्या डीबीएममध्ये मिळवलेले ११०, बस. उणे ५१ ला ५९. पॅकेटच्या चुकांचा त्यात मागमूस नाही, त्यामुळे त्या लिंकलाही त्यानं चांगलेच गुण दिले असते.

पिंग वापरायचाच तर मोठ्या पॅकेटचा वापरा. लिनक्सचा साधा पिंग ८४ बाइटचा असतो. लाखात एक बिट बिघडतोय असं धरलं, तर एका प्रयत्नात एवढंसं पॅकेट बिघडण्याची शक्यता हजारात सात, पण १५०० बाइटचं पॅकेट बिघडण्याची शंभरात अकरा. लिंक तीच, हवा तीच. म्हणून पिंगला आकार १४७२ द्यायचा. पत्ता वगैरे सांगणारं हेडर धरून बरोबर १५०० होतात.

आता 'आयडब्ल्यू'च्या उणिवा, आणि त्या किरकोळ नाहीत. आकडे जोडणी झाल्यापासूनचे साठत आलेले असतात, त्यामुळे नुसता रिट्राइजचा मोठा आकडा बघून घाबरण्यात अर्थ नाही. दोन वेळच्या नोंदींतला फरक काढायचा, आणि त्याला त्याच काळात गेलेल्या पॅकेटांनी भागायचं. मधेच जोडणी तुटली की मोजणी पुन्हा शून्यापासून. काही ड्रायव्हर रिट्राइज धड मोजतच नाहीत, तिथे शून्य दिसलं म्हणून आनंद मानू नये. शिवाय फ्रेम पोचली पण पोच हवेत हरवली, तरी पाठवणाऱ्याच्या खात्यात रिट्रायच पडतो. म्हणून दोन्ही टोकांना कमांड चालवल्याशिवाय मी निष्कर्ष काढत नाही.

सगळ्यात खटकतं ते ऐकणाऱ्या बाजूचं. प्रत्येक फ्रेमच्या शेवटी चार बाइटचा तपासणी आकडा असतो. तो जुळला नाही तर कार्ड ती फ्रेम मुकाट्यानं टाकून देतं आणि स्टेशन डम्पमध्ये तिची नोंद सहसा दिसत नाही. या बिघडलेल्या फ्रेम बघायच्या तर 'एफसीएसफेल' खुणेसह मॉनिटर इंटरफेस (हवेतलं सगळं नुसतं ऐकणारी कार्डाची अवस्था) उभा करावा लागतो, ड्रायव्हरनं साथ दिली तर. मग वायरशार्क या पॅकेट उलगडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्या एकेक करून तपासता येतात.

इतिहास ठेवणं 'आयडब्ल्यू'च्या गावीच नाही. रात्री कधीतरी लिंक बिघडते असा संशय असेल तर सोबत स्मोकपिंग हा सतत पिंग करून आलेख काढणारा प्रोग्रॅम लावा. मूळ मांडणीत ते दर पाच मिनिटांनी वीस पिंग पाठवतं आणि त्यांच्या वेळांमधली तफावत धुरासारखी रंगवतं. रिट्राइज वाढले की तो धूर दाट होतो. बिघाडाची वेळ तिथून घ्यायची, बिघाडाचं कारण 'आयडब्ल्यू'त शोधायचं. 'आयडब्ल्यू'चं आउटपुट स्क्रिप्टनं ओरबाडून आलेख काढायचा मोह होईल, पण 'तसं करू नका, हे स्वरूप स्थिर राहील असं आम्ही मानत नाही' अशी स्पष्ट ताकीद कमांडच्या मदतपानावरच आहे. माझी मागणी एकच: दर सेकंदाचा फरक आणि रिट्रायची टक्केवारी दाखवणारा पर्याय आतच द्या. त्या भागाकारासाठी प्रत्येकानं आपापली स्क्रिप्ट का लिहावी?